शेजारधर्माचे माप

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रोहणा हे गाव आहे. पुलगाव-आर्वी ही छोट्या रुळांची गाडी धावत होती तेव्हा रोहणा हे तिच्यावरील एक स्थानक होते. आता ती गाडी इतिहासजमा झाली आहे. अशा गावाविषयी सरकारदरबारी नोंदींची वाण नसते. कोणाच्या नावे किती जमीन आहे ते सातबाऱ्यावर असते. कपाशी किती, तूर किती, सोयाबीन किती हे पेरेपत्रकात असते. शाळेचा पट गुरुजींजवळ, गर्भवतींची यादी आशाताईंजवळ, शौचालये व नळजोडण्यांचा आकडा ग्रामपंचायतीजवळ, आणि कर्जाची थकबाकी बँकेजवळ व सोसायटीजवळ असते. मात्र मध्यरात्री एखाद्या घरात कोणाच्या छातीत कळ आली, तर त्या घराने शेजारचे कोणते दार ठोठवावे, आणि ठोठावल्यास ते उघडेल की नाही, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ज्या गोष्टीवर माणसाचे जगणे-मरणे अनेकदा अवलंबून असते, तिची मोजदाद ठेवण्याचे आपल्याला आजवर सुचलेले नाही. ती ठेवता येते, ठेवली पाहिजे, आणि ती कशी ठेवावी याचा विचार गावांनी स्वतःच केला पाहिजे, असे आमचे मत आहे.

हा विषय आज काढण्यास कारणही तसेच घडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाने ३० जून २०२५ रोजी माणसामाणसांतील संबंधांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर सहा माणसांपैकी एकास एकाकीपणा जाणवतो आणि त्यापायी दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू ओढवतात, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. इंग्लंडने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नासाठी मंत्रीच नेमले. इकडे आपल्या देशात, १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार, १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख धरून जनगणना व्हावयाची आहे आणि तीत जातीचीही नोंद होणार आहे. घरात माणसे किती आणि ती कोणत्या जातीची, हे प्रगणक विचारील. त्या माणसांना घराबाहेर आपले म्हणता येईल असे कोणी आहे काय, हे विचारणे जनगणनेचे कामच नव्हे. मग ते कोणाचे काम?

यावर पहिला आक्षेप असा येईल की, आपुलकी ही काय शेराने मापावयाची वस्तू आहे? आक्षेप वरवर रास्त दिसतो, पण तो टिकणारा नाही. ज्वरमापकाने आजाऱ्याचे दुःख मोजले जात नाही. ताप किती चढला एवढेच कळते, आणि तेवढ्यावरून वैद्याला पुढची दिशा सापडते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९७ मध्ये आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने हेच दाखविले होते की, माणूस ज्या समूहात राहतो त्या समूहाशी त्याचे धागे किती घट्ट वा किती सैल आहेत, यावर अत्यंत खासगी वाटणारे हे कृत्यही अवलंबून असते, आणि तो संबंध आकड्यांतून दिसू शकतो. शिवाय आपल्या खेड्यांनीही शेजाराचे माप कधी घेतलेच नाही, असे नाही. नव्या धान्याचा वा भाजीचा वानवळा कोणाच्या घरी गेला, इर्जिकीला कोणाची बैलजोडी आली आणि कोणाची आली नाही, तेरवीच्या पंगतीला कोण बसले, मयतीला खांदा द्यायला कोण धावले, या सर्वांचा हिशेब गाव तोंडी पण चोख ठेवीत असे. तो हिशेब मानापमानाचा होता हे खरे; पण तो होता.

शेजार हा प्राण वाचविणारा असतो, हे केवळ सुभाषित नव्हे, याचा पुरावा दूरच्या शिकागो शहरात मिळाला. १९९५ च्या जुलैत तेथे उष्णतेची भयंकर लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसे अधिक दगावली. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली आहे. नॉर्थ लॉनडेल व साउथ लॉनडेल या दोन्ही वस्त्या गरीब होत्या, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते, आणि सूर्य तर दोन्हींवर सारखाच तळपत होता. परंतु मृत्यूचे प्रमाण पहिलीत लाखामागे ४० आणि दुसरीत लाखामागे ४ असे पडले. दुसऱ्या वस्तीत दुकाने उघडी होती, रस्त्यावर वर्दळ होती, म्हातारी माणसे घराबाहेर पडत होती आणि पडली नाहीत तर कोणाच्या तरी ध्यानात येत होते. पहिली वस्ती उजाड झालेली होती. भीतीपोटी लावून घेतलेली दारे आतल्या माणसांसकट बंदच राहिली. त्याच शहरात रॉबर्ट सॅम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांना प्रश्न विचारून १९९७ मध्ये असे दाखविले की, जेथे शेजारी एकमेकांवर भरवसा ठेवतात आणि वाह्यात मुलांना हटकावयास पुढे येतात, तेथे हिंसाचार कमी असतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणे ज्या वर्धा-नागपूर भागाला नवे नाही, त्या भागातील वाचकांना या दाखल्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आपल्या राज्याकडे वळू. महाराष्ट्राने शेजाराचे माप घेण्याचा एक मोठा सरकारी प्रयोग केला आहे, हे बहुतेकांच्या विस्मरणात गेले असेल. १५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव तंटामुक्ती समित्या नेमल्या गेल्या. गावातील दिवाणी, महसुली आणि आपसात मिटविता येण्याजोग्या फौजदारी तंट्यांची नोंद झाली. ते सामोपचाराने मिटविल्याबद्दल गावास गुण मिळू लागले. आणि पुरेसे गुण मिळविणाऱ्या गावाला लोकसंख्येच्या मानाने रोख पुरस्कार देण्यात आला. भावाभावांतील बांधाची भांडणे कोर्टाची पायरी न चढता मिटली, हा या मोहिमेचा लाभ लहान नव्हे. वर्षानुवर्षे तारखांना हेलपाटे घालणाऱ्या कास्तकाराची त्यातून सुटका झाली. घरच्यांचा विरोध असलेल्या तरुण जोडप्यांची लग्ने समितीने पुढाकार घेऊन लावून दिल्याच्या बातम्याही वृत्तपत्रांतून वेळोवेळी आल्या. या मोहिमेची टवाळी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

तथापि, माप म्हणून पाहता या मोहिमेत एक मूलभूत उणीव होती. तिने तंट्याचा अभाव मोजला. आधाराचे अस्तित्व मोजले नाही. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आपण सहज धरून चालतो, पण तसे नाही. ज्या दोन घरांत बोलणेच नाही, त्यांच्यात तंटाही नसतो. जो दुबळा आहे तो तंटा करीतच नाही. बांध कोरला गेला तरी तो गप्प बसतो, आणि त्याचे ते गप्प बसणे गावाच्या खात्यावर शांतता म्हणून जमा होते. शिवाय गुण आणि पुरस्कार आले की तंटा नसण्यापेक्षा तंटा न दिसण्याकडे गावाचे लक्ष लागण्याचा धोका असतोच. कमानीवर तंटामुक्त गाव अशी अक्षरे रंगविलेल्या गावात एखादी वृद्ध विधवा चार दिवस तापाने फणफणत पडली आणि कोणास कळले नाही, तर मोहिमेच्या कोणत्याही रकान्यात त्या गावाचा गुण कमी होणार नव्हता.

याच्या उलट, भिवंडीचा दाखला पाहण्यासारखा आहे. १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही धर्मांची, त्याच गल्लीत राहणारी सामान्य माणसे नियमाने एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या शांततेचा पाया पुरस्काराच्या लोभावर घातलेला नव्हता. भांडण नसतानाही जी माणसे भेटत होती, त्यांना भांडणाच्या वेळी एकमेकांची दारे ठाऊक होती, एवढाच तो पाया होता.

विदर्भात या प्रश्नाला जी धार आहे ती अन्यत्र क्वचितच असेल. २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत-योजना ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षी देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातील होते. कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव यांना या प्रश्नाच्या मुळाशी मानावेच लागेल, आणि त्यांची जबाबदारी शासनाची आहे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांनी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील १११ आत्महत्याग्रस्त कुटुंबांची पाहणी करून २००६ मध्ये जो अहवाल दिला, तो आणखी काही सांगतो. कर्जबाजारीपणा आणि घसरलेली सांपत्तिक स्थिती ही कारणे त्यात अग्रभागी आहेतच. पण त्यांच्या पाठोपाठ घरातील बेबनाव, समाजातील पत जाणे, आणि शेजाऱ्यांशी वा इतरांशी झालेला तंटा हेही येतात. ही कारणे बहुधा एकेकटी येत नाहीत, एकावर एक चढत जातात. ज्याची पत गेली तो पारावर बसण्याचे टाळतो. जो पारावर येत नाही त्याची विचारपूस थांबते. आणि ज्याची विचारपूस थांबली त्याचे कर्ज किती झाले, हे गावाला कळते ते त्याच्या मृत्यूनंतर, पंचनाम्यातून.

ही साखळी तोडता येते, याचेही प्रमाण वर्धा नदीच्या पलीकडेच मिळते. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत विश्राम नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबविण्यात आला. खेड्यातीलच कार्यकर्त्यांना शिक्षण देऊन त्यांनी घरोघरी बोलावे, खचलेल्या माणसाला धीर द्यावा व गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत न्यावे, अशी त्याची रीत होती. नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी शेकडा ४.३ होते, दीड वर्षात ते शेकडा २७.२ वर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नमूद आहे. औषध नवे नव्हते, आजारही नवा नव्हता. विचारणारा माणूस मात्र नवा होता, आणि तो परका नव्हता.

शेजाराची गोष्ट काढली म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय मनाला जुन्या गावाचे एक गोड चित्र आठवते. त्या चित्राविषयी सावध राहिले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये गावगाडा लिहिला, तो वाचणाऱ्यास हे ध्यानात येईल की, त्या गाड्याला चाके होती तशी जोखडेही होती. ज्यांची घरे वेशीबाहेर होती, ते काम करण्यापुरते गावाचे होते. पाण्याला ते गावाचे नव्हते. आजही हे जोखड पुरते उतरलेले नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास पाहणीत, ज्यात ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना प्रश्न विचारले गेले, चतुर्थांशाहून अधिक कुटुंबांनी आपल्याकडे या ना त्या रूपाने अस्पृश्यता पाळली जाते असे स्वमुखाने कबूल केले. त्याच पाहणीत आणखी एक मार्मिक प्रश्न होता: पाण्यासारखी सामाईक अडचण आली तर वस्तीतील लोक एकत्र येतात, की जो तो आपापल्या घरापुरते पाहतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकत्र येतो असे म्हणणारे गाव, आपल्या वेशीतील कोणाकोणाला त्या एकात धरते, हे विचारल्याखेरीज पहिल्या उत्तराला किंमत नाही.

या बाबतीत वर्धा जिल्ह्याला परक्यांकडून धडे घेण्याचे कारण नाही. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य गणलेल्यांना खुले केले. १९३६ पासून गांधीजी ज्या शेगावात राहिले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, तेथे महारोगाने पीडित झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रयाला आले, तेव्हा त्यांच्यासाठी आश्रमातच झोपडी उभारली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळीत. ज्याच्या सावलीस समाज भीत होता, त्याला तेथे शेजार मिळाला. समूहाचा कस त्यातील सर्वांत टाकलेल्या माणसाच्या ठिकाणी लागतो, हे माप या जिल्ह्याच्या मातीत असे एकदा सिद्ध झालेले आहे. ते पुन्हा हाती घ्यावयाचे, एवढेच आपले काम आहे.

मग रोहण्यासारख्या गावाने नेमके काय मोजावे? आमच्या मते प्रश्न थोडे असावेत आणि ते भावनेविषयी नसून घडलेल्या गोष्टींविषयी असावेत. आपले शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत, असे विचारले तर सगळेच चांगले आहेत असे म्हणतील. चारचौघांत दुसरे उत्तर देण्याची आपली रीत नाही. त्याऐवजी असे विचारावे: गेल्या वर्षभरात घरात दुखणे आले तेव्हा घराबाहेरचे कोण दवाखान्यापर्यंत सोबत आले? अडचणीत हजार-दोन हजार रुपये बिनव्याजी उसने कोणाकडून मिळाले? गेल्या महिन्यात कोणाच्या ओट्यावर काही काम नसताना जाऊन बसलात? तीन दिवस आपण घराबाहेर दिसला नाहीत, तर कोणाच्या ध्यानात येईल? घेतलेले कर्ज किंवा मनाला लागलेला घोर घराबाहेरच्या एखाद्या तरी माणसाला सांगितला आहे काय? आणि ज्यांची नावे मनात आली, त्यांत आपल्या जातीबाहेरचे कोणी आहे काय? याच प्रश्नांची दुसरी बाजूही विचारली पाहिजे, की आपण कोणासाठी असे धावून गेलात? कारण मदत घेणारा आणि देणारा अशा दोन जाती शेजारात नसतात. ज्याच्याकडे कोणीच काही मागत नाही तोही एका अर्थी एकाकीच असतो.

हे प्रश्न घरातील कर्त्या पुरुषाला एकट्याला विचारून भागणार नाही. सुनेचे उत्तर वेगळे असेल, सासूचे वेगळे. पुरुष पानटपरीवर, पारावर वा बसथांब्यावर दहा माणसांना भेटतो. परगावाहून लग्न होऊन आलेल्या बाईला दोन वर्षांनंतरही एखादीच ओळख असू शकते. म्हणून बाईला बाईनेच, निवांतपणे, ओट्यावर बसून विचारावे. बचत गटाची बैठक हे त्यासाठी तयार असलेले साधन आहे. मात्र जी स्त्री कोणत्याही गटात नाही तिच्या दारी आधी गेले पाहिजे.

आणि उत्तरे आल्यावर त्यांची सरासरी काढू नये. आमच्या प्रतिपादनातील हाच मुख्य मुद्दा आहे. पाचशे घरांच्या गावात दर घरी मदतीची सरासरी चार माणसे निघाली, तर ते गाव सुखी आहे असे वाटेल. पण वाड्यातील एका घराला तीस माणसे आणि टोकाच्या सहा घरांना एकही नाही, हे त्या सरासरीत बुडून जाते. म्हणून गावाने एकच आकडा लक्षात ठेवावा: ज्या घराला एकाही प्रश्नाच्या उत्तरात एकही नाव आठवले नाही, अशी घरे किती? ही शून्याची घरे किती आहेत, आणि पुढच्या वर्षी ती किती उरली, यातच शेजारधर्माचे सर्व माप येते. हा आकडा लहान असेल. तो लहान असल्यामुळेच गावाला त्याचे काही करता येईल. सहा घरांना शेजार मिळवून देणे हे कोणत्याही गावाच्या ताकदीबाहेरचे नाही.

मोजणी कोणी करावी, हा प्रश्न मोजावे काय याइतकाच महत्त्वाचा आहे. अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील ६९ खेड्यांत अशा सामाजिक बळाचे मोजमाप केले व २००२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. संस्थांची सभासद-संख्या मोजून आपल्याकडील खेड्याचे खरे बळ कळत नाही, आणि ते बळ असले तरी त्याला वाट करून देणारी तरुण, जाणती माणसे नसतील तर ते निजूनच राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रिया तयार केल्या. जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारी आणि बाळाला वाचविणारी बाई तेथे एकच होती, आणि नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने अभ्यासगट बसवून स्वतःच्या प्रश्नांचा स्वतः शोध घेतला. तात्पर्य असे की, मोजणारा आणि मदतीला जाणारा यांची ताटातूट होऊ देता कामा नये. बाहेरून एखादा तपासनीस आला, कागद भरून घेऊन गेला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची फाईल झाली, तर गावाच्या हाती काही उरत नाही. मोजणी ग्रामसभेची, मोजणारी माणसे गावातील, आणि उत्तरही गावानेच द्यावयाचे, हा क्रम राखला पाहिजे.

या कामात धोके आहेत आणि ते उघडपणे सांगितले पाहिजेत. पहिला धोका गुणांचा. या मोजणीला पुरस्कार, क्रमांक वा कमानीवरची पाटी लावली की शून्याची घरे रातोरात नाहीशी होतील, कागदावरून. दुसरा धोका अब्रूचा. कोणाला कोणी नाही, हे चव्हाट्यावर आणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. ग्रामसभेत केवळ संख्या वाचली जावी. नावे मोजणाऱ्या दोघा-चौघांपलीकडे जाऊ नयेत, आणि सावकार, पुढारी व पतपेढी यांच्या हाती तर मुळीच पडू नयेत. तिसरा धोका सर्वांत मोठा. शेजारी एकमेकांना सांभाळतात असे एकदा आकड्याने ठरले, की आपली जबाबदारी संपली असे शासनाला वाटू लागते. कापसाला भाव देणे शेजाऱ्याच्या हाती नाही. बँकेचे कर्ज वेळेवर मिळणे, १०८ ची रुग्णवाहिका हाकेसरशी येणे, निराधारांचे मासिक अर्थसाहाय्य खंड न पडता हाती पडणे, ही शासनाची कर्तव्ये आहेत. शेजारी रुग्णवाहिका येईपर्यंत उशाशी बसू शकतो. तो रुग्णवाहिकेचा पर्याय होऊ शकत नाही. किंबहुना, चांगला शेजार असलेले गाव शासनाकडे अधिक नेटाने मागणी करते. निराधाराचा अर्ज तहसिलीत अडकला तर त्याच्यासोबत जाणारे कोणीतरी अशा गावात असते.

शेवटी हा लेख शहरात बसून वाचणाऱ्या आमच्या वाचकांशी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. रोहण्याची मोजणी ही दूरच्या खेड्याची गोष्ट आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. ज्या इमारतीत आपण राहतो, तिच्या फाटकाशी पहारेकरी आहे, दाराला जाळी आहे, आणि रहिवाशांचा व्हॉट्सॲपवर समूहही आहे. सकाळी त्यावर सुविचारांचा पाऊस पडतो. पण खालच्या मजल्यावरील ज्या दांपत्याची मुले पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत आहेत, त्यांना वर विचारलेले प्रश्न विचारून पाहावेत. समूहात नाव असणे आणि संकटात आठवावे असे नाव असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खेड्यात निदान दार कोणाचे हे ठाऊक असते. शहरात समोरच्या दारावरील पाटीखेरीज दुसरी ओळख नसते. शून्याची घरे मोजायला निघालो तर रोहण्यापेक्षा आपल्याच मजल्यांवर ती अधिक निघणार नाहीत, अशी खात्री कोणी द्यावी?

दोन गोष्टी ताबडतोब करता येण्याजोग्या आहेत. ग्रामसभांना अशी मोजणी स्वतःपुरती करण्यास ग्रामविकास विभागाने उत्तेजन द्यावे, आणि तिचे आकडे वर मागविण्याचा मोह आवर्जून टाळावा. तसेच रोहणा व त्यासारख्या गावांनी कोणाच्या परिपत्रकाची वाट न पाहता, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा. मोजणीसाठी निधी लागणार नाही, यंत्रही लागणार नाही. दहा-बारा समंजस तरुण-तरुणी आणि चार संध्याकाळी पुरतील. धान्याचे माप गावात पूर्वीपासून होते. ते ज्यांच्या घरी रिते राहते ती घरे शोधण्याची दृष्टीही गावाजवळ होती. मधल्या काळात ती मंदावली आहे एवढेच. ती पुन्हा तीक्ष्ण करावी आणि पहिले पाऊल गावाच्या सर्वांत टोकाच्या घराकडे टाकावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.